लेकी निघाल्या

"चिरंजीव रुसलेत. ओव्हर," पलीकडून आवाज आला.

आत्यांनी रफू करत असलेला मोजा मांडीवर ठेवला आणि माइक जवळ ओढला. "आता काय झालं आमच्या जावयाला? ओव्हर."

"ताट आवडलं नाही. कुंपण मोडून उठले आणि तुमच्याकडे निघालेत. ओव्हर."

"येऊ देत. आमच्याकडे जावयाचे लाड होतात. तुमच्यासारखे डबे बडवून हाकलत नाही आम्ही. ओव्हर."

"लाड करून करूनच बिघडवलंत त्यांना. ओव्हर."

नवे साहेब दारात उभे राहून हे ऐकत होते. आदल्याच दिवशी रुजू झालेले, बुटांना अजून चिखलसुद्धा लागलेला नव्हता. त्यांनी आधी आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चौकीचा कारकून या नात्याने खुलासा करणं मलाच भाग पडलं.

"साहेब, चिरंजीव म्हणजे तो एकांडा हत्ती. माजावर आलाय. पलीकडच्या देशात कुणाचा तरी मका तुडवून नदी ओलांडतोय. आपल्या गस्तीवाल्यांना सावध करायला हवं."

तोवर आत्यांनी दुसरा, गस्तीचा माइक उचललाही होता. "जावई येतायत रे. अंगण मोकळं ठेवा. आणि कुणी शहाणपणा करून पुढे जाऊ नका, मागच्या वेळचं लक्षात आहे ना?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "सरकारी वायरलेसवर हे असं कधीपासून चालू आहे?"

"मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून," मी म्हणालो. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात घालतो. नंतर त्यांच्या त्याच जातात.

आत्यांबद्दल मला फार आदर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घेतोय असं कुणी म्हणायला नको. घेतोच आहे. चौकीत त्या टंकलेखनासाठी आल्या. वायरलेसचा सेट आला तेव्हा बाकी सगळ्या खोल्या गळत होत्या, म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवला गेला आणि सेटबरोबर कामही त्यांच्या गळ्यात पडलं. लग्न त्यांनी केलं नाही. भावाची मुलं एकदा सुट्टीत चौकीवर आली होती, दिवसभर आत्या आत्या करत होती. ती परत गेली, पण हाक इथेच राहिली. गस्तीवाले, ड्रायव्हर, मी, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या. लग्नाच्या भानगडीत न पडता एवढं मोठं सासर-माहेर सांभाळणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आमची चौकी नदीच्या या काठावर. नदीच्या मधोमध हद्द. पलीकडच्या काठावर दुसऱ्या देशाची तशीच चौकी. भाषा दोन्हीकडे एकच, फक्त शिक्के वेगळे. हत्तींचा एक कळप वर्षानुवर्षं या दोन काठांमध्ये ये-जा करतोय. पिल्लं होतात आमच्या काठावर, कारण इकडे वेताचं दाट बन आहे. गवत वाळलं की कळप पलीकडे जातो, तिकडे बारमाही कुरण आहे. दोन्ही सरकारांनी करार करून ठरवलं की कळप कुणा एकाचा नाही, दोघांनी मिळून जपायचा. कळप नदी ओलांडायच्या आधी एका चौकीने दुसरीला कळवायचं, मग दुसरीने आपल्या काठाचा रस्ता बंद करायचा आणि गुरं हलवायची. करारावर मोठमोठ्या सह्या आहेत. पण रोज सकाळी उठून तो करार पाळायचं काम ज्यांच्यावर येऊन पडलं ते दोघंच. एक आमच्या आत्या, आणि दुसरे पलीकडचे सेटवाले.

अडचण अशी होती की वायरलेस कुणीही ऐकू शकतो. आमच्याकडच्या हत्तिणींनाही दात असतात, आणि दातांवर डोळा ठेवून असणाऱ्यांकडे आमच्यापेक्षा चांगले सेट होते. म्हणून वरून आकड्यांची गुप्त भाषा आली. ती कुणाच्याच लक्षात राहीना. एकदा आमच्या माणसाने आकडा चुकवला आणि हत्ती आले म्हणून कळवायच्या ऐवजी वणवा लागला म्हणून कळवलं. पलीकडची सगळी चौकी बादल्या घेऊन धावली. त्या दिवशी संध्याकाळी पलीकडून तो आवाज वैतागून म्हणाला होता, "अहो बाई, सरळ सांगा ना, लेकी सासरी निघाल्यात म्हणून!"

आत्यांनी ते तिथल्या तिथे उचललं. आमचा काठ माहेर, पलीकडचा सासर. इकडे ज्या लेकी, त्या पाण्यातून पलीकडे चढल्या की सुना. आमचा जावई तो त्यांचा चिरंजीव. नदीचा उतार, म्हणजे जिथे पाणी कमी असतं आणि कळप ओलांडतो ती जागा, ते अंगण. आतलं जंगल म्हणजे घर. आणि पलीकडचे सेटवाले अर्थातच व्याही. त्यांचं नाव आत्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी आत्यांचं. सेटवर घरचं काही बोलायचं नाही असा दोघांनी मिळून केलेला नियम होता, कारण खरं घर आणि खोटं घर एकमेकांत मिसळलं तर गोंधळ होईल. एवढी वर्षं रोज बोलून व्याह्यांना मुलं किती हेसुद्धा आत्यांना माहीत नव्हतं. पण आवाजावरून पलीकडे सर्दी झालीय की साहेब शेजारी उभे आहेत हे मात्र त्यांना लगेच कळायचं.

एकदा पोलिसांनी दातांचा चोर पकडला, त्याच्याजवळ सेट सापडला. आमची फ्रिक्वेन्सी त्याने महिनाभर ऐकली होती. त्याला विचारलं, काय ऐकलंस? तो म्हणाला, "दोन म्हातारी माणसं सुनांवरून भांडत असतात. डोकं उठलं, शेवटी बंद केला." आत्यांना हे कळल्यावर त्यांनी चौकीला चहा पाजला. 'म्हातारी' हा शब्द तेवढा त्यांना लागला होता.

या भाषेत एका शब्दाला दोघंही फार जपायचे. निघण्याला त्यांनी कधी 'गेली' म्हटलं नाही. निघाली, पोचली, वळली, रेंगाळली. घरातून निघतानाही आपण 'येतो' म्हणतो, तसंच ते. 'गेली' हा शब्द एकाच गोष्टीसाठी राखून ठेवलेला होता, आणि तो आला की पुढचं सगळं बोलणं सरळ व्हायचं, कारण मेलेल्या जनावराबद्दल लपवायला काही उरलेलं नसायचं.

कळपाची म्हातारी हत्तीण म्हणजे थोरली. उजव्या कानाला मोठं भोक पडलेली. कुठे पाणी आहे, कुठे दलदल आहे, कुठल्या गावात माणसं फटाके लावतात, सगळं तिला ठाऊक. बाकीच्या तिच्या मागे. तिला एक खोड होती. कळप न्यायच्या आधी ती कधीकधी एकटीच पलीकडे जाऊन सगळं बघून यायची. त्या वर्षी गवत लवकर वाळलं. कळप नदीजवळच्या बनात येऊन थांबला होता, आणि थोरली त्यात दिसत नव्हती. ती नेहमीसारखी पुढे गेली असणार असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या सकाळी सेट सुरू केल्याबरोबर व्याह्यांचा आवाज आला. नमस्कार नाही, चेष्टा नाही.

"आत्या, आमची थोरली गेली. ओव्हर."

मी जागच्या जागी थांबलो. आत्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. पण त्यांनी माइक घट्ट धरला. हाताशी असलेलं काम आधी, हा त्यांचा स्वभाव.

"कुठे? ओव्हर."

"घरातच. पहाटे, झोपेत. ओव्हर."

"अंगावर जखम? गोळीची खूण? ओव्हर."

"नाही, आत्या. ओव्हर."

"मग विष असेल. तोंडाला फेस आहे का बघा. दात जागेवर आहेत का? ओव्हर."

सेटवर नुसती खरखर चालली. आत्या माइककडे बघत होत्या, मी आत्यांकडे.

"नाहीत, आत्या," व्याही म्हणाले. "दात नाहीत. ओव्हर."

"मेल्यांनो!" आत्यांच्या तोंडून निघून गेलं. ते चोरांना होतं. मग सावरून त्या म्हणाल्या, "व्याही, ऐका. पुरायची घाई करू नका. डॉक्टर येऊन पोट उघडून बघतील, पंचनामा होईल, मगच खड्डा खणा. आणि आसपास कुणी परकी माणसं दिसली होती का ते विचारा. ओव्हर."

पलीकडून बटण सुटल्याचा टक्क आवाज आला, बस.

आत्यांनी माइक ठेवला, पदराने चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला. "साहेबांना सांगा," त्या मला म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही सांगवणार."

साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकून तेही मटकन बसले. मग त्यांनी जे ठरवलं ते आम्हाला सगळ्यांनाच पटलं. पलीकडे चोरांनी थोरलीला विष घालून दात नेले असतील तर उरलेला कळप तिकडे जाऊ देणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणं. कळप या काठावरच थोपवायचा. गस्तीवाले फटाके घेऊन उताराकडे निघाले. साहेबांनी वर फोन केला, वरच्यांनी त्याच्याही वर. दुपारपर्यंत दोन्ही राजधान्यांत करार राहतो की मोडतो याची चर्चा सुरू झाली असेल. आमच्या चौकीत मात्र कुणी जेवलं नाही.

आत्या सेटपाशी बसून राहिल्या होत्या. पलीकडे हाक देत होत्या, उत्तर नव्हतं. "खचले असतील हो," त्या मला म्हणाल्या. "कसं बोलत होते बघितलंत ना? थोरलीवर फार जीव त्यांचा. हल्ली रोज तिचंच सांगायचे. परवा म्हणाले, थोरली दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, पाय सुजलेत का बघा. तर म्हणे, हो सुजलेत, तुम्हाला कसं कळलं?"

एवढ्यात गस्तीचा सेट खरखरला. आमच्याकडे एक गस्तीवाला आहे, सहा फूट उंच आणि बांबूसारखा सरळ, त्याला सगळे काडीपैलवान म्हणतात. त्याचा आवाज होता.

"आत्या, ऐकताय ना?"

"बोल."

"आत्या, थोरली इथे आहे."

"काय बोलतोयस? उन्हात डोकं फिरलं काय तुझं?"

"अहो समोर उभी आहे! बनातनं बाहेर आली. उजव्या कानाला भोक आहे, त्यातनं पलीकडचं आभाळ दिसतंय मला. सगळा कळप मागे आहे तिच्या. आम्ही फटाके लावलेत, मागचे हत्ती बिथरलेत, पण ती काय हटत नाहीये. पाण्यात उतरणार असं दिसतंय. काय करू?"

"फटाके बंद करा! आधी बंद करा!" आत्या ओरडल्या. साहेब धावत आले होते, त्यांनीही मान हलवली. मला तर आनंदाने काही सुचेना. "जिवंत आहे! आत्या, थोरली जिवंत आहे! मग व्याह्यांची चूक झाली. मग गेली कोण?"

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या हसतील. पण त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि हात आपोआप छातीवर गेला.

"त्यांच्या घरातली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अहो, त्यांची बहीण! थोरली बहीण. हत्तिणीला नाव त्यांनीच दिलं होतं. मला म्हणाले होते, हिला थोरली म्हणू, आमच्या घरातली थोरली अशीच आहे, सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय जागची हलत नाही. तेवढं एकदाच घरचं बोलले होते ते. नियम व्हायच्या आधी." आत्यांचा आवाज चिरकला. "ते मला त्यांच्या बहिणीचं सांगत होते. आणि मी म्हटलं, दात जागेवर आहेत का."

साहेब खाली बघायला लागले. मीही. सकाळचं एकेक वाक्य आठवत होतं. फेस आहे का बघा. पोट उघडून बघतील. पुरायची घाई करू नका. ज्या माणसाला ओरडून बोलतानासुद्धा कधी कुणी ऐकलं नव्हतं, त्याला त्याच्या बहिणीच्या मृत्यूच्या सकाळी हे ऐकावं लागलं, तेही आत्यांच्या तोंडून.

"आत्या," गस्तीच्या सेटवर काडीपैलवान ओरडत होता, "थोरलीने पाय टाकला पाण्यात. आता थांबत नाहीत या."

पलीकडचा रस्ता उघडा होता. साहेबांनीच सकाळी वरच्यांमार्फत तिकडे कळप थोपवतोय असं कळवून ठेवलं होतं. त्या रस्त्याने दुपारी लाकडाचे ट्रक भरधाव येतात, आणि उतारावरून वर चढलेला कळप थेट त्या वळणावर निघतो. मागच्या साली तिथेच एक पिल्लू ट्रकखाली आलं होतं. त्याच्यापाशी हत्तिणी संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरला झाडावर बसून राहावं लागलं होतं. या वेळी तर फटाक्यांनी सगळा कळप आधीच पिसाळलेला.

आत्यांनी पलीकडच्या सेटचा माइक उचलला. "व्याही, व्याही, आत्या बोलतेय. ओव्हर."

एक अनोळखी, कोरा आवाज आला. "इथे व्याही नावाचं कोणी नाही. आपला चौकी क्रमांक सांगा. ओव्हर."

"तुमचे नेहमीचे सेटवाले कुठे आहेत? ओव्हर."

"रजेवर आहेत. त्यांच्या घरी मयत झालंय. मी त्यांच्या जागी आत्ताच आलोय. निरोप काय आहे तो स्पष्ट सांगा. ओव्हर."

आत्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "लेकी निघाल्यात. अंगणातून. ओव्हर."

"कुणाच्या लेकी? स्पष्ट सांगा. ओव्हर."

स्पष्ट सांगायचं म्हणजे अख्ख्या कळपाची जागा आणि वेळ उघड्या हवेवर ओरडून सांगायची. ऐकणाऱ्यांनी ऐकलं की आज नाहीतर उद्या बंदुका घेऊन तिथे हजर. साहेब म्हणाले, "सांगून टाका आत्या, इलाज नाही." आत्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांना वर्षानुवर्षं बघतोय, पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या शांतपणे बोलल्या.

"बाबा, मयताच्या घरी एवढाच निरोप दे. म्हणावं, आत्या सांगतायत, लेकी निघाल्यात. ओव्हर."

मग त्या कोऱ्या आवाजात माणूस आला. "अरे अरे. लेकी येतायत होय मयताला? मग आधी नाही का सांगायचं, बाई. मी आपला नियम लावत बसलो. थांबा हं, ते आत्ताच सगळं उरकून आलेत, घर इथे चौकीच्या मागेच आहे. बोलावतो. ओव्हर."

सकाळी ज्या गैरसमजाने सगळं उलटं केलं होतं, त्याच जातीच्या गैरसमजाने आता दार उघडलं. पण हसायला कुणाला सुचतंय! आत्या घामाघूम झाल्या होत्या. त्यांना ज्याच्यासमोर तोंड दाखवायचीही लाज वाटत होती, त्या माणसाला त्यांनीच मयताच्या घरातून उठवून बोलावलं होतं, आणि तेही कामासाठी.

पावलं वाजली. खुर्ची सरकली. बटण दाबल्याचा आवाज आला.

"बोला आत्या. लेकी निघाल्या? ओव्हर."

तोच आवाज. थकलेला, पण तोच.

"निघाल्या. ओव्हर."

"कुठवर आल्यात? ओव्हर."

"पाण्यात. घाबरलेल्या आहेत. फटाके लागलेत मागे, चूक आमचीच. ओव्हर."

"पुढे कोण आहे? ओव्हर."

हे विचारणं भाग होतं. पुढे कोण आहे त्यावर कळप कुठे चढणार, किती जागा सोडायची, सगळं ठरतं. आत्यांनी बटण दाबलं.

"पुढे..." त्या म्हणाल्या. "पुढे म्हातारी आहे. ओव्हर."

"थोरली म्हणा, आत्या," व्याही म्हणाले. "नाव मोडू नका. थोरली पुढे आहे तर काळजी नाही. रस्ता अडवतो. ओव्हर."

आणि ते उठले. नंतर कळलं की ते स्वतः धावत वळणावर गेले, अंगावरच्या, स्मशानातून आलेल्या कपड्यांनिशी, आणि लाकडाच्या ट्रकसमोर हात पसरून उभे राहिले. मागे त्यांच्या घरी भेटायला आलेली सगळी माणसंही धावली. कुणी सायकल आडवी घातली, कुणी गुरं वळवली. सांत्वनाला आलेल्यांच्या मेळ्याने एका देशाचा हमरस्ता बंद केला.

इकडे काडीपैलवान एकेक सांगत होता. थोरली मध्यावर थांबलीय. मागे वळून बघतेय. एक पिल्लू पाण्यात घसरलं. मधल्या हत्तिणीने सोंडेने धरलं. आता निघाल्या. थोरली अजून पाण्यातच उभी आहे, सगळ्यांना पुढे काढतेय. आत्या नुसत्या ऐकत होत्या. साहेब खिडकीशी उभे होते, खिडकीतून नदी दिसत नाही तरी.

बऱ्याच वेळाने पलीकडचा सेट वाजला. धाप लागलेला आवाज.

"सुना पोचल्या, आत्या. सगळ्या पोचल्या. थोरली शेवटी चढली. रस्त्यावर उभी राहिली, सगळ्या बनात शिरेपर्यंत हलली नाही. ओव्हर."

चौकीत कुणीतरी टाळी वाजवली, बहुतेक मीच. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. आत्यांनी मात्र माइक तोंडाशी नेला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "सकाळी मी जे बोलले... जीभ झडायला हवी होती माझी. मला वाटलं तुम्ही... मी काय काय विचारलं तुम्हाला. ओव्हर."

"आत्या, सेटवर घरचं बोलायचं नाही हा नियम आपला दोघांचा. मोडला मी. सकाळी सेट लावला, तुम्ही असणार हे ठाऊक होतं, तोंडातून निघून गेलं. पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं. ओव्हर."

"पण मी दातांचं विचारलं हो! ओव्हर."

"विचारलंत. मी सांगितलंही खरं तेच. तिचे दात पडून कितीतरी वर्षं झाली." व्याही थांबले, पण त्यांनी बटण सोडलं नव्हतं, त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मला काही कळलंच नाही आत्या, तुम्ही असं का बोलताय. वाटलं, तुमचंच काही बिनसलंय. पोचवून परत येताना वाटेत एकदम उजेड पडला. पंचनामा! पोट उघडून बघा! एवढं हसू आलं मला त्या गर्दीत, लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. तिला तुमचं सगळं सांगायचो मी, रोज. जावयावरून कसे भांडलो, तुम्ही काय टोमणा मारला. पोट धरून हसायची. आज घराच्या पायरीशी आलो आणि म्हटलं, हे आता थोरलीला सांगायलाच हवं. म्हणून घाईने आत शिरलो. ओव्हर."

ओव्हर म्हणजे आता बोलायची पाळी आत्यांची होती.

आत्यांनी बटण दाबलं. काही बोलल्या नाहीत. बटण दाबलेलं असलं की पलीकडे या खोलीतलं सगळं जातं. पंख्याची कुरकुर, कागद फडफडल्याचा आवाज, माणसाचा श्वास. मयताच्या घरी जाऊन आपण दुसरं काय करतो? जवळ बसतो. आत्यांना नदी ओलांडायची परवानगी नव्हती, तेव्हा त्या तिथूनच बसल्या.

नियम असा आहे की सेट विनाकारण अडवून ठेवायचा नाही. गस्तीवाले सगळे आपापल्या ठिकाणी हातात सेट धरून होते, एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. आतल्या खोलीत साहेबांचा फोन वाजायला लागला, वरचे असणार. साहेब गेले, रिसीव्हर उचलून त्यांनी टेबलावर बाजूला ठेवला आणि परत येऊन दारात उभे राहिले.

आत्यांचा अंगठा पांढरा पडला होता. त्यांनी तो काढला नाही.